मेक्सिकोत आपल्यासारखी विविधता आहे का, की सगळे स्पॅनिश बोलणारे एकसारखेच?

एकसारखे अजिबात नाहीत. कामानिमित्त मी तीन वर्षं पुएब्ला शहरात राहिलो. त्याच नावाच्या त्या एका राज्यातच इतकं दिसतं की देशभर फिरायचीही गरज नाही.

शहराजवळ चिपिलो नावाचं गाव आहे. १८८२ मध्ये उत्तर इटलीतल्या व्हेनेतोहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवलं. तिथे चीज आणायला जायचो. गल्ल्यावरच्या आजी माझ्याशी स्पॅनिश बोलायच्या आणि नातवाला हाक मारायच्या ती व्हेनेतोच्या बोलीत. शहरात 'टाकोस आराबेस' मिळतात. १९३० च्या दशकात मध्यपूर्वेतून आलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजायची पद्धत आणली, तिचे हे टाको. राज्याबाहेर, दक्षिणेला गेरेरो आणि ओआहाका या राज्यांच्या किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाची गावंच्या गावं आहेत. १८२९ मध्ये देशात गुलामगिरी बंद करणारे राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेरेरो याच वंशाचे, तरी या समाजाचं नाव राज्यघटनेत यायला २०१९ उजाडलं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या घरमालकीणबाईंनी. त्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या, क्वेत्सालानच्या. रात्री मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायच्या, सकाळी हाताने चोळून सालं काढायच्या, दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या आणि पाटी उचलून गिरणीत न्यायच्या. तव्यावर तोर्तिया फुगली की मला घरची भाकरी आठवायची.

त्यांची आई नाहुआत्ल या मूळनिवासी भाषेची तिथली बोली बोलायची. बाईंना ती येत नाही. मोठ्या भावाला शाळेत ती बोलल्याबद्दल हातावर पट्टी बसली, तेव्हापासून आईने धाकट्यांशी फक्त मोडकंतोडकं स्पॅनिशच बोलायचं ठरवलं. इटलीतून आलेली भाषा चिपिलोत टिकली आणि इथल्या मातीतली भाषा एका घरातून अशी गेली, याचं मला फार वाईट वाटतं. २००३ च्या कायद्याने मूळनिवासी भाषांनाही राष्ट्रीय भाषा मानलं. सरकारी यादीत अशा ६८ आहेत. बाईंच्या घरात मात्र तो फार उशिरा पोचला.

आपला 'चिकू' हा शब्दही तिकडचाच. नाहुआत्लमधून स्पॅनिशमध्ये 'चिकोसापोते' झाला आणि तिथून आपल्याकडे आला. हे बाईंना सांगितलं, तर त्या पीठ मळता मळता थांबल्या आणि म्हणाल्या, "त्सापोत. आई त्सापोत म्हणायची."