वाचकांचे प्रश्न : रिपब्लिकन ऐक्य का टिकत नाही?

प्रश्न : सप्रेम जय भीम. आमच्या वस्तीत प्रत्येक निवडणुकीआधी रिपब्लिकन ऐक्याची चर्चा होते आणि निकालानंतर ती विरून जाते. नेत्यांच्या मानापमानामुळेच हे घडते का? आताची तरुण मुले गट न पाहता मत देतात, हे योग्य आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : जय भीम. मानापमानाचे कारण खरे आहे. पण सगळा दोष त्यावर टाकला की मूळ अडचण नजरेआड होते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे आणि ही वस्ती राज्यभर विखुरलेली आहे. 1932 च्या पुणे करारामुळे स्वतंत्र मतदारसंघ (जिथे फक्त दलितच आपला प्रतिनिधी निवडतील असे) मिळाले नाहीत, त्यामुळे राखीव जागेवरचा उमेदवारसुद्धा तेथील सर्व मतदारांच्या मतांवर निवडून येतो. विधानसभेच्या 29 राखीव जागांवरही आंबेडकरी पक्षाला युतीवाचून जिंकणे कठीण जाते, आणि युती कोणाशी करायची या प्रश्नावरच पुढे बहुतेक गट फुटले.

पहिली फूट मात्र निराळी होती. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत बी. सी. कांबळे यांचा ‘दुरुस्त’ गट वेगळा झाला. पक्षाच्या दुसऱ्या गटाचे नेते दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी लढत होते आणि त्यासाठी डाव्या पक्षांची सोबत त्यांना चालत होती. शिकलेल्या, शहरी कार्यकर्त्यांपैकी अनेकांना घटनात्मक मार्ग अधिक मोलाचा वाटत होता. पक्ष गावकुसाबाहेरच्या शेतमजुराचा की शिकून नोकरीला लागलेल्याचा, हा तो वाद होता. माझ्या मते रिपब्लिकन चळवळीतला तो सर्वांत गंभीर वाद होता आणि तो पक्षात राहूनच व्हायला हवा होता. 1967 च्या सुमारास गायकवाड गट काँग्रेसच्या जवळ गेला, जमिनीचा प्रश्न मागे पडला आणि तरुणांमध्ये साचलेला राग 1972 मध्ये दलित पँथर या लढाऊ तरुण संघटनेच्या रूपाने बाहेर आला.

ऐक्याने काय साधते हे 1998 मध्ये दिसले. काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. पण 1999 च्या निवडणुकीपर्यंत ते ऐक्य टिकले नाही. 2011 मध्ये आठवले शिवसेना-भाजपबरोबर गेले. प्रकाश आंबेडकरांनी 2018 मध्ये वंचित बहुजन आघाडी उभारून ओबीसी, लहान जाती आणि मुस्लिम यांना जोडण्याची वाट धरली. 2019 च्या लोकसभेत वंचितला सुमारे 7 टक्के मते मिळाली, परंतु तिचा स्वतःचा एकही उमेदवार निवडून आला नाही.

आता तरुणांविषयी. 2024 च्या लोकसभेत संविधानाच्या काळजीने बहुसंख्य आंबेडकरी मतदार स्वतः ठरवून महाविकास आघाडीकडे वळले आणि वंचितची मते बरीच घटली. याला मी गद्दारी म्हणणार नाही, कारण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. मला काळजी वाटते ती त्यानंतरची: शिष्यवृत्ती रखडली किंवा गायरानावरचे अतिक्रमण काढायला पोलीस आले, तर जिंकलेल्या पक्षाला जाब विचारणारी संघटना वस्तीत उरलेली नसते.

याहून अवघड प्रश्न घरातच आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्या आरक्षणात जातींचे गट पाडून वेगवेगळा वाटा देण्याला, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मान्यता दिली. महाराष्ट्राच्या यादीत 59 जाती आहेत, आणि शिक्षण व नोकऱ्यांतला आपला वाटा फारच थोडा राहिला, असे मातंग समाज अनेक वर्षे सांगत आला आहे. ही मागणी म्हणजे फूट पाडण्याचा डाव, असे म्हणून आपल्यापैकी अनेकजण ती उडवून लावतात. उपवर्गीकरणाच्या पद्धतीवर आक्षेप असू शकतात, माझेही आहेत. पण गाऱ्हाणे ऐकूनच न घेणे हा बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाला न शोभणारा व्यवहार आहे. म्हणून आपणास एक विनंती करतो. वस्तीत ऐक्याची पुढची बैठक भरेल तेव्हा व्यासपीठावर किती गट आले हे मोजण्याआधी मातंग, चर्मकार आणि ढोर समाजातल्या किती जणांना बोलावणे गेले होते, ते आयोजकांना विचारावे.