‘अदालत पक्ष’ आणि ‘जंगली’: मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा आहे: इराणच्या सुरुवातीच्या कम्युनिस्टांवरच्या मजकुरात ‘अदालत’ आणि ‘जंगली’ हे शब्द येतात. ते तसेच ठेवावेत का?

‘अदालत’ ठेवा, पण पहिल्या उल्लेखालाच ‘म्हणजे न्याय’ असं जोडा. फारसीत अदालत म्हणजे न्याय. कोर्ट हा अर्थ आपल्याकडे रुजला. इराणी माणूस कोर्टाला ‘दादगाह’ म्हणतो. खुलासा नसला तर मराठी वाचकाला तो वकिलांचा पक्ष वाटायचा! बाकूच्या तेलक्षेत्रात राबणाऱ्या इराणी मजुरांमध्ये १९१७च्या सुमारास हा पक्ष उभा राहिला. आजच्या फारसी उच्चारानुसार काहीजण ‘एदालत’ लिहितात, तेही चूक नाही. पण या मजुरांपैकी बरेचसे अझरबैजानी तुर्की बोलणारे, आणि त्या भाषेत आद्य स्वर ‘अ’कडेच झुकतो. म्हणून ‘अदालत’च बरं. जून १९२०मध्ये इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावरच्या अंझली बंदरातल्या अधिवेशनात याच पक्षाचा इराणचा कम्युनिस्ट पक्ष झाला. त्यानंतरच्या घटनांसाठी जुनं नाव वापरू नका.

‘जंगली’ मात्र टाळाच. मराठीत ती सरळ शिवी होते. बंडखोर नेता मिर्झा कुचेक खानाच्या माणसांना ते नाव पडलं ते उत्तर इराणमधल्या गिलान प्रांताच्या रानात तळ होता म्हणून. त्यांच्या वर्तमानपत्राचं नावही ‘जंगल’च होतं. चळवळीला ‘जंगल चळवळ’ आणि माणसांना ‘जंगलवाले’ म्हणा. (गंमत म्हणजे ‘जंगल’ हा शब्द फारसीत गेला इथूनच. आयुर्वेदातला ‘जांगल देश’ कोरडा, विरळ झाडीचा. गिलान इतकं पावसाळी की वैद्यांनी त्याला ‘अनूप’च, म्हणजे पाणथळ देश, म्हटलं असतं.)

शब्दापेक्षा मोठी चूक पुढे होते: ‘जंगली कम्युनिस्ट’. कुचेक खान धार्मिक वृत्तीचा राष्ट्रवादी होता, कम्युनिस्ट नव्हे. मे १९२०मध्ये रास्कोल्निकोव्हचं सोव्हिएत आरमार अंझलीला उतरलं, तेव्हा जंगलवाले आणि अदालतवाले एकत्र आले आणि जूनमध्ये गिलानमधल्या रश्त शहरात प्रजासत्ताक जाहीर झालं. धर्मविरोधी प्रचार आणि जमिनी ताब्यात घेणं यांवरून लगेच बिनसलं. जुलैत खान रश्त सोडून रानात परतला आणि महिनाअखेरीस कम्युनिस्टांनी एहसानुल्ला खानाला हाताशी धरून सत्ता घेतली. हा एहसानुल्ला जंगलवाल्यांमधलाच, त्यामुळे ‘जंगलवाले विरुद्ध कम्युनिस्ट’ अशी सरळ रेघही मारता येत नाही. जुलैनंतरच्या प्रसंगात ‘जंगलवाले’ एवढंच न लिहिता कोणाचा गट ते सांगा.