गळ पुढच्या हातात देताना
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मासेमारी आणि माग काढण्याची विद्या मुलांना कशी शिकवावी, याबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. मी वापरतो तीच रीळवाली काठी तिला दिली. दोन्ही वेळा सगळा वेळ गुंता सोडवण्यात गेला. आता ती यायलाच नको म्हणते. काय चुकलं?

मुलीचं काहीच चुकलेलं नाही, काठी चुकली. रीळ चालवताना बोटाने दोरा धरायचा, हात फिरवायचा आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं, अशी तीन कामं एकदम करावी लागतात. सात वर्षांच्या हाताला ते जड जातं. रीळ काही काळ बाजूला ठेवा. दोन ते अडीच मीटरची हलकी काठी घ्या आणि दोरा थेट तिच्या शेंड्याला बांधा. दोऱ्याची लांबी काठीइतकी किंवा वीतभर कमी. काठी उभी धरली की गळ झुलत तिच्या हाताशी आला पाहिजे. दोरा हातभर जास्त झाला की गळ मागच्या गवतात अडकतो, मुलगी ओढते आणि गुंता तिथूनच सुरू होतो.

नायलॉनचा दोरा ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा पुरे. गळ १२ किंवा १४ नंबरचा घ्या. इथे नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, त्यामुळे नवखे पालक हमखास उलटा गळ निवडतात. गळ मोठा असला तर लहान मासे आमिष कुरतडून पळतात. भेंड, म्हणजे दोऱ्यावरचा पाण्यात तरंगणारा तुकडा, नुसतं नाचत राहतं आणि मुलगी कंटाळते. आमिषाला गांडुळाचा पेरभर तुकडा लावा, त्याचं लोंबतं टोक फार लांब ठेवू नका.

शिशाचे मणी गळापासून वीतभर वर दाबायचे. एकेक मणी लावत जा आणि भेंडाचं नखभर टोक पाण्याबाहेर उरलं की थांबा. भेंड अर्धंअधिक वर तरंगत असेल तर आमिष नेताना माशाला ओढ जाणवते आणि तो ते थुंकून टाकतो. मुलं भेंड पूर्ण बुडण्याची वाट बघतात. तिला तीन खुणा सांगा: भेंड बुडणं, आडवं सरकणं आणि वर उचललं जाऊन लोळणं. यांपैकी काहीही दिसलं की मनगटातून वीतभर झटका द्यायचा. खांद्यातून हिसका दिला तर मासा सुटतो आणि गळ सुसाट चेहऱ्याकडे येतो.

पहिले काही दिवस मोठ्या माशाचा नाद सोडा. बोटभर लांबीचे पाच मासे लागले तर तिचे हात पाच वेळा शिकतात. पाऊण तास झाला की उठा, मासे लागत असले तरी. मन भरायच्या आत उठलं तर पुढच्या वेळी तीच तुम्हाला ओढत नेईल.

आणि गुंता झालाच तर तिच्या हातातून काठी घेऊ नका. बरेच आईबाप इथेच घोटाळा करतात: दोन मिनिटांत स्वतः सोडवून देतात आणि पोराला काही येत नाही म्हणतात. स्वतःचे हात पाठीमागे बांधा. कुठला पदर कुठून काढायचा ते तोंडाने सांगा. पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या.

मुलगा काठावर गप्प बसत नाही. मासे पळतील म्हणून त्याला सारखं दटावावं लागतं.

बोलू द्या त्याला. हवेतल्या आवाजाचा फार थोडा भाग पाण्यात उतरतो, बाकीचा पृष्ठभागावरूनच परततो. माशाला त्रास होतो तो पायांच्या दणक्याचा. काठावर उडी मारली, डबा आपटला की हादरा जमिनीतून पाण्यात जातो आणि मासा तो पार्श्वरेषेने, म्हणजे दोन्ही कुशींवरच्या हादरे ओळखणाऱ्या रेषेने टिपतो. दुसरी गोष्ट सावली. सूर्य पाठीमागे असला की पोराची सावली पाण्यावर पडते आणि उथळातले मासे क्षणात पांगतात. म्हणून नियम दोनच: काठापासून दोन पावलं मागे बसायचं आणि पाय आपटायचे नाहीत. नियम असे नेमके असले तर मुलं ते पाळतात, नुसत्या ‘गप्प बस’ने काही होत नाही.

अर्थात पाणी खोल असेल तर अंगात लाइफ जॅकेट हवंच आणि मूल तुमच्या हाताच्या अंतरात हवं. यात सवलत नाही.

लेकाने बांधलेला गळ दर वेळी तुटून जातो. दोरा मात्र नवा आहे.

तुटलेल्या दोऱ्याचं टोक उजेडात धरून बघा. ते डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोक खरखरीत, पांढुरकं असेल तर दोरा दगडावर घासला आहे. तुमच्याकडे बहुधा शेपटीच दिसेल.

गाठ अशी: दोरा गळाच्या नेढ्यातून ओवा. टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग ते नेढ्याजवळच्या छोट्या फासातून काढा आणि तसं केल्याने तयार झालेल्या मोठ्या फासातूनही काढा. आता थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, ते स्प्रिंगसारखे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. उरलेलं टोक तीन मिलिमीटर ठेवून कापा. अगदी मुळाशी कापलं की गाठ सरकायला जागा मिळते.

हे पाण्यावर शिकवू नका. घरी जाड सुतळी आणि किल्ल्यांची कडी घ्या. सुतळीवर वेढा कुठे चढला ते मुलाला स्वतःच दिसतं. तिथे सलग दहा गाठी नीट आल्या की मगच बारीक दोरा द्या.

पहिला मासा मारताना मुलगी रडली. नवरा म्हणतो, लक्ष देऊ नका, सवय होईल. मला ते पटत नाही.

तुमचं बरोबर आहे. तिच्या रडण्यात काहीच वावगं नाही. सवय होण्याची वाट बघण्यापेक्षा मासा लवकर आणि नीट मारायला शिका, कारण मुलांना जास्त त्रास होतो तो तडफड बघण्याचा. काठावर टाकलेला मासा कित्येक मिनिटं तडफडत राहतो. त्या धडपडीने त्याचं मांसही बिघडतं.

एक आखूड, वजनदार दांडका जवळ ठेवा. मासा ओल्या फडक्यात घट्ट धरा आणि डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर एक-दोन जोरकस फटके द्या. मग खात्री करा. कल्ल्यांची झाकणं हलायची थांबली पाहिजेत. मासा कुशीवर वळवून त्याचा डोळा बघा: मासा शुद्धीवर असेल तर बुबुळ फिरून सपाटीला राहू बघतं, नसेल तर डोळा डोक्याबरोबर जसाच्या तसा वळतो. त्यानंतर लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या. हे काम मोठ्यांनी करायचं. मुलीला बघायचं नसेल तर तिला तोंड फिरवू द्या.

किती मासे ठेवायचे ते घरून निघतानाच तिच्याशी बोलून ठरवा. जेवढे खाणार तेवढेच. तो आकडा झाला की बाकीचे सोडायचे, आणि सोडणंही शिकावं लागतं. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने किंवा फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो. एक हात पोटाखाली. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. जेवढा वेळ मुलगी श्वास रोखू शकते तेवढाच वेळ मासा पाण्याबाहेर ठेवायचा, हे माप मुलांना लगेच कळतं. गळ घशात खोल गेला असेल तर उपसू नका, दोरा तोंडाशी कापून मासा सोडा. भर उन्हाळ्यातल्या दुपारी सोडण्यासाठी मासे धरूच नका. पाणी १० अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, तेच ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. दमलेला मासा तिथे सावरत नाही.

गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. मासा सहज सुटतो आणि बोटात घुसला तर गळ आला तसाच मागे निघतो. डोळ्याजवळ किंवा सांध्यात रुतला तर हात न लावता डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

आमचे आजोबा शिकारी होते. मला बंदूक नको आहे, पण त्यांची माग काढण्याची विद्या मुलाला द्यायची आहे. सुरुवात कशी करू?

शिकारीतली ही सगळ्यात मोलाची विद्या आहे, आणि शिकारीला बंदी आहे तिथेही ती शिकता येते. अंगणात किंवा कुंडीच्या खोक्यात ओल्या मातीचा हातभर चौकोन करा. सकाळी मुलाला त्यात पाऊल उमटवायला सांगा. दुपारी शेजारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. मग तिन्हींच्या कडा बघायला सांगा. ताज्या ठशाची कड धारदार असते. जुन्याची कड वाळून ढासळते, तळाशी मातीचे कण आणि काडीकचरा पडलेला असतो. रात्री दव पडलं तर आधीच्या ठशात थेंबांचे बारीक खड्डे दिसतात. आठवडाभर हेच करा, ऊन आणि वारा बदलला की ठसा किती लवकर जुना होतो ते त्याला बोटाने चाचपून कळेल.

बाहेर पडाल तेव्हा सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात ठशाच्या खोलीत सावली भरते. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून बघा, डोक्यावर ऊन असताना तोच ठसा दिसणारही नाही. एका ठशापासून पुढच्यापर्यंतचं अंतर काठीवर खूण करून मापा. पुढचा ठसा सापडेना तर ती काठी शेवटच्या ठशावर टेकवून कमानीसारखी फिरवा. तो काठीच्या टोकाच्या आसपासच असतो. मागावरून स्वतः चालायचं नाही, त्याच्या कडेने चालायचं, नाहीतर परत यायला खूण उरत नाही. मुलाला पुढे ठेवा. ठसा तुम्हाला आधी दिसला तरी तो त्याला सापडेपर्यंत बोट दाखवू नका.