बंगाली पिक्चरमधलं 'लग्न' टळून कसं जातं?

प्रश्न असा आलाय की, 'द जॅपनीज वाइफ' बघितल्यापासून बंगाली पिक्चरचा नाद लागला, त्यात लग्नाच्या सीनला कोणीतरी हमखास 'लॉग्नो' टळून चाललाय म्हणून ओरडतं, तर हे आपलंच लग्न का, आणि नवरा-नवरी समोर उभे असताना ते टळतंय कसं? आणि 'बौ' म्हणजे बायको, सून की नवरी? विचारणाऱ्या ताईंचं स्वतःचंच लग्न बंगाली मुलाशी ठरलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शब्द एकच आहे, लग्न, बंगाली उच्चारात तो 'लॉग्नो' होतो. पण बंगालीत त्याचा अर्थ विवाह नाही, मुहूर्ताची वेळ एवढाच. विवाहाला ते म्हणतात 'बिये', लग्नघराला 'बियेबाड़ी'. गंमत म्हणजे इथे जुना अर्थ त्यांनी सांभाळलाय आणि पसरवलाय आपण. लग्न म्हणजे मुळात चिकटलेलं, लागलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला जी रास त्या वेळी लागलेली असते ते लग्न, बारा राशी चोवीस तासांत फिरून येतात म्हणून एक लग्न साधारण दोन तास टिकतं. त्या वेळेवर करायचा विधी म्हणून विधीलाच लग्न म्हणायला लागलो, मग संसारालाही, आणि आता 'त्यांचं लग्न मोडलं' म्हणताना कुणाच्या डोक्यात क्षितिज येत नाही. गुजरातीतही असंच झालंय.

पण आपल्याकडे जुना अर्थ मेलेला नाही हं, दर लग्नात आपण तो माईकवर ऐकतो. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' यातलं लग्न म्हणजे वेळच, तेच लग्न, तोच चांगला दिवस, तेच ताऱ्यांचं बळ. आपलं लक्ष अक्षता कुणाच्या डोक्यावर पडतायत तिकडे असतं म्हणून कळत नाही एवढंच.

बंगालीत ही वेळ किती जड असते ते बघायचं तर सत्यजित राय यांचा 'अपूर संसार' (1959) बघा. नायक अपू मित्राबरोबर त्याच्या नात्यातल्या बहिणीच्या लग्नाला म्हणून खुलनाकडच्या (आता बांगलादेशात) गावी जातो, नवरदेव वेडा निघतो, आई म्हणते या मुलाला माझी मुलगी देणार नाही, आणि आता लग्न, म्हणजे ती वेळ, टळली तर पोरीचं पुन्हा कधी व्हायचंच नाही. अशा मुलीला बंगालीत एक शब्दच आहे, 'लग्नभ्रष्टा'. मराठी माणूस हा शब्द वाचून भलताच अर्थ काढेल, त्याला वाटेल लग्न झाल्यावर काहीतरी भानगड केलेली बाई, खरं तर तिची बिचारीची फक्त वेळ चुकलेली असते आणि तीही दुसऱ्याच्या पायी. शेवटी पाहुणा म्हणून आलेला अपूच बोहल्यावर चढतो. तिथे लग्न हा शब्द मराठी अर्थाने घेतला तर अख्ख्या प्रसंगातली घाईच कळत नाही.

आता 'बौ'. उच्चार 'बोउ' असा. संस्कृत वधू, प्राकृतात वहू, तिथून हिंदीत बहू, गुजरातीत वहू आणि बंगालीत बौ. जुन्या मराठीत 'वोहर' म्हणजे वधूवर, त्यातही हीच वधू बसलीये, पण पुढे आपण सुनेसाठी 'स्नुषा'वरून आलेला 'सून' ठेवला आणि बायकोसाठी 'बायको'. बंगालीत बौ म्हणजे नवरीही आणि बायकोही, सुनेला हाक मारताना 'बौमा', मोठ्या भावाच्या बायकोला 'बौदी'. म्हणजे ताई, सासूबाई तुम्हाला बौमा म्हणतील आणि धाकटा दीर बौदी, दोन्ही मानाचंच. नवऱ्याला मात्र 'बर', उच्चार 'बोर', त्यावर मराठी मैत्रिणी काय बोलतील ते मी सांगायला नको.

'द जॅपनीज वाइफ'मधलं (2010, अपर्णा सेन) नातं या हिशोबात बघा. सुंदरबनातला शाळामास्तर स्नेहमय आणि जपानमधली मियागे पत्रांतूनच एकमेकांना नवरा-बायको मानतात आणि त्याच्या हयातीत एकदाही भेटत नाहीत. बंगाली लग्नात 'शुभदृष्टी' असते, नवरीला पाटावर बसवून भाऊबंद नवरदेवाभोवती फिरवतात, तिने तोंडासमोर विड्याची पानं धरलेली असतात, ती बाजूला करून नजरानजर करायची, आपला अंतरपाट दूर होतो तसंच. या दोघांच्या वाट्याला लॉग्नोही नाही आणि शुभदृष्टीही नाही, तरी ती त्याची बौ. मला तो पिक्चर थोडा जास्तच सोवळा वाटतो, पण 'बौ' म्हणवून घ्यायला नेमकं काय लागतं हे त्यात नीट उघडं पडतं. शेवटी (बघितला नसेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा) ती विधवेच्या पांढऱ्या साडीत, केस काढून त्याच्या गावी येते.

ताईंसाठी कामाचं एवढंच, की तारीख काढताना दोन्हीकडच्या पंचांगवाल्यांना आधीच एकत्र बोलवा. श्रावणात त्यांची लग्नं होतात, आपल्याकडे जुनी मंडळी चातुर्मास म्हणून नाक मुरडतील. उलट पौष, चैत्र, भाद्रपद त्यांना चालत नाहीत, आणि त्यांचे महिने सौर असल्याने आपल्या महिन्यांशी तंतोतंत जुळतही नाहीत. वेळही बहुतेक संध्याकाळची नाहीतर रात्रीची, आपला गोरज मुहूर्त तो त्यांचा 'गोधूलि लग्न', तिथे जमून जाईल. पत्रिकेवर फुलपाखरू दिसलं तर डिझायनरची हौस समजू नका, बंगालीत फुलपाखराला 'प्रजापती' म्हणतात आणि लग्नाचा देवही प्रजापतीच, म्हणून वर 'श्री श्री प्रजापतये नमः' असतं. आणि मजकुरात त्यांच्यासाठी 'शुभ विवाह'च छापा, नुसतं 'लग्न 12 तारखेला' लिहिलंत तर सासरचे विचारतील, हो, पण किती वाजता?