लहान लाटांत शिकायचंय, धाडस कमी. पहिला सर्फबोर्ड कोणता घ्यावा?

८ ते ९ फुटांचा, मऊ फोमचा सॉफ्टटॉप घ्या. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ७०-८० लिटर घनफळाचा. गुडघाभर लाटेत जोर नसतो. लांब, रुंद, जाड बोर्ड पाण्यावर छान तरंगतो, त्यामुळे चार हात मारले की लाट मिळते आणि उभं राहताना तो डुगडुगत नाही. डोक्यावर आपटला तरी फायबरच्या बोर्डाइतकं लागत नाही. ६ फुटी शॉर्टबोर्ड दिसतो देखणा, पण आत्ता नको. गोव्यात अश्वेच्या किनाऱ्यावर मी अशाच बोर्डावर शिकलो, तोही भाड्याचा. मात्र तुम्ही ५० किलोच्या आत असाल तर ८ फूट पुरे. ९ फुटी काखेत मावत नाही, वारा सुटला की तोच तुम्हाला ओढत नेतो.