डब्लिनला येताना क्रिकेटचं किट आणायचं का?

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मार्चमध्ये नोकरीसाठी पुण्याहून डब्लिनला येताय. वय ३७, मध्यमगती गोलंदाज, अनुभव मुख्यतः कंपन्यांच्या लीगचा. मुलगी ११ वर्षांची, विकेटकीपर. तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की, 'आयर्लंडमध्ये क्लब क्रिकेट संपत आलंय, आता भारतीयच आपापसात खेळतात.' हे खरं आहे का, मुलीचं काय होईल आणि घर क्लब बघून घ्यावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

शेवटचं आधी घेतो. डब्लिनमध्ये घर क्लब बघून घेता येत नाही. घर आपल्याला निवडतं. भाड्याची जागा बघायला रांग लागते आणि जी मिळेल ती घ्यावी लागते. म्हणून पहिले सहा महिने क्लबचा विचार रेल्वेचा नकाशा समोर ठेवून करा, त्याकडे पुढे येतो.

आता सहकाऱ्याचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त दिशाभूल करणारं आहे. मी डोंबिवलीचा. मुंबईत असताना कांगा लीगच्या अगदी तळाच्या डिव्हिजनमध्ये चार पावसाळे चिखल तुडवला आणि इथे आल्याला आता अकरा उन्हाळे झाले. (उन्हाळे म्हणायचं आपलं, मेमधल्या पहिल्या मॅचला मी दोन स्वेटर घालून फाइन लेगला उभा असतो.) या काळात संघ कमी होताना मी पाहिले नाहीत, उलट वाढताना पाहिले. लेन्स्टर विभागात, म्हणजे डब्लिन आणि आसपासच्या भागात, पुरुषांच्या लीगच्या डझनाहून जास्त डिव्हिजन आहेत. अनेक क्लब चार-पाच संघ उतरवतात. खेळणारे आहेत. टंचाई आहे ती मैदानांची, पंचांची, खेळपट्टी बनवणाऱ्यांची आणि संध्याकाळी समितीच्या बैठकीला बसणाऱ्यांची.

खेळणारे वाढले ते बहुतांशी आपल्यामुळे, हे उघड आहे. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक मोजले गेले. पोलंड आणि ब्रिटननंतर आपलाच आकडा. त्यात पाकिस्तानी, बांगलादेशी, अफगाण धरा. आमच्या चौथ्या संघात गेल्या मोसमात अकरापैकी आठ जण उपखंडातले होते, उरलेले तीन म्हणजे एक निवृत्त शिक्षक, त्यांचा नातू आणि एक दक्षिण आफ्रिकन सुतार. पण पहिल्या संघाकडे बघितलंत तर चित्र बदलतं. तिथे आयरिश मुलं आहेत, ज्यांचे वडील आणि आजोबा त्याच क्लबात खेळले.

हे कुठून आलं ते समजून घेतलंत तर इथे वावरणं सोपं जाईल. क्रिकेट इथे 'इंग्रजांचा खेळ' म्हणून लादलेला आणि टिकलेला, एवढी साधी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात किल्केनी, टिपररीसारख्या परगण्यांमध्ये शेतकरी, मजूर क्रिकेट खेळत. मग १८८४मध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इथे सगळे तिला जीएए म्हणतात. हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा इथला जुना खेळ) आणि गेलिक फुटबॉल हे 'आपले' खेळ ठरले. रग्बी, सॉकर, हॉकी आणि क्रिकेट हे 'परके'. परका खेळ खेळणाऱ्यालाच नव्हे, तो बघायला जाणाऱ्यालाही जीएएमधून काढत. डग्लस हाइड हे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, सॉकरच्या सामन्याला हजर राहिले म्हणून १९३८मध्ये जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ही बंदी उठली १९७१मध्ये. तोवर क्रिकेट खेड्यापाड्यांतून जवळजवळ पुसलं गेलं होतं आणि मोजक्या ठिकाणी राहिलं: डब्लिनची दक्षिणेकडची उपनगरं, कॉर्क, उत्तरेकडचा अल्स्टर, आणि डब्लिनच्या वर फिंगल नावाचा भाजीपाला पिकवणारा पट्टा.

फिंगल बघाच एकदा. रश, स्केरीज, बालब्रिगन ही समुद्राकाठची गावं. तिथले लोक शेतकरी, कोळी, गवंडी, आणि क्रिकेट त्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या. इंग्लंडला २०१९चा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार ओइन मॉर्गन रशचाच. तिथल्या मैदानावर पहिल्यांदा खेळलो तेव्हा कुंपणापलीकडच्या शेतातून एक आजोबा माझ्या गोलंदाजीवर टीका करत होते, तेही बरोबर. मला वाटलं, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेला कुणीतरी इकडे जन्माला आलाय. त्यामुळे 'आयरिश लोकांना क्रिकेट कळत नाही' हे वाक्य इथे येऊन मोठ्याने बोलू नका. बहुतेकांना कळत नाही हे खरं. पण ज्यांना कळतं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

खेळपट्टीबद्दल. पुण्यात तुम्ही मॅटिंग आणि सिमेंटवर सवय केली असेल तर पहिले चार सामने आनंदात जातील, कारण एप्रिल-मेमध्ये इथे चेंडू ओल्या गवतावर असा हलतो की मध्यमगती गोलंदाजाला आपण कोणी वेगळेच आहोत असं वाटू लागतं. तीच खेळपट्टी तुम्ही फलंदाजीला आलात की चेंडू थांबून येतो आणि मिडऑनला झेल जातो. कांगा लीग पावसाळ्यात खेळवतात त्याचा मला आयुष्यात एकच फायदा झाला, तो इथे झाला. मोसम एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातले काही शनिवार पाऊसच खेळतो. भरपाई म्हणून जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर सहाला सुरू केलेला टी-ट्वेंटी सामना दिव्यांशिवाय पुरा होतो. ते सुख पुण्यात नाही.

आता क्लब निवडण्याबद्दल. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पश्चिम डब्लिनमधल्या ल्यूकन, ब्लँचर्ड्सटाउनकडे आपली वस्ती वाढली तशी गेल्या काही वर्षांत नवे संघ उभे राहिले. तिथे पहिल्या आठवड्यात संघात जागा, मराठी-हिंदी-तेलुगू गप्पा, सामन्यानंतर बिर्याणी. दुसरी वाट जुन्या क्लबांची: फिनिक्स पार्कमधला १८३०चा फिनिक्स क्लब, सँडिमाउंटच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरावरचे पेम्ब्रोक, वायएमसीए आणि रेल्वे युनियन, रॅथमाइन्सचा लेन्स्टर, किनाऱ्यावरचा क्लॉन्टार्फ, उत्तरेला मॅलाहाइड. यांच्याकडे स्वतःचं किंवा दीर्घ कराराचं मैदान असतं, बार असतो, आणि बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात त्याच जागेवर हॉकी किंवा रग्बी.

माझं मत विचाराल तर तुम्ही जुन्या क्लबात जा, पाचव्या संघात खेळावं लागलं तरी. कारण तुम्ही नाही, तुमची मुलगी. मुलांना शिकवणारे प्रशिक्षक, वयोगटांचे संघ, हिवाळ्यातले इनडोअर नेट्स, हे सगळं उभं करायला वीस-तीस वर्षं लागतात. नव्या संघांपैकी बरेच अजून फक्त मोठ्या माणसांचे आहेत, आणि भाड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला मुलांची शाखा काढणं जड जातं. एका ओळखीच्या संघाने तीन मोसमांत तीन मैदानं बदलली. रागवायचं कुणावर, नगरपालिकेच्या उद्यानात एकच खेळपट्टी आणि मागणारे सहा.

जुन्या क्लबात सुरुवात गोड नसते, हेही सांगतो. माझ्या पहिल्या क्लबाचं नाव घेत नाही. ईमेलला उत्तर आलं नाही. मंगळवारी सराव असतो असं ऐकून तसाच गेलो, तासभर नेट्समध्ये गोलंदाजी केली, कुणी नाव विचारलं नाही. मोसमभर पाचव्या संघात नवव्या क्रमांकावर. मला वाटलं, रंगाचा प्रश्न आहे. काही प्रमाणात असेलही. पण एका शनिवारी पाऊस आला, आणि सगळे पॅव्हिलियनमध्ये पळाले तेव्हा मी सवयीने कव्हर्स ओढायला धावलो. मैदान सांभाळणारे सत्तरीचे गृहस्थ एकटेच ओढत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला रोलर दाखवला, महिन्याने निवड समितीतल्या माणसाशी ओळख करून दिली. इथे क्लबचे लोक आपल्याकडे 'खेळायला आलेला' किंवा 'क्लबाचा' असं बघतात. आपल्यातले पुष्कळ जण वर्गणी भरली म्हणजे विषय संपला असं समजतात, सामना संपला की गाडीत बसून निघतात, बारमध्ये थांबत नाहीत. मी दारू घेत नाही, लेमोनेड घेऊन थांबतो, कुणी काही म्हणत नाही. न थांबणं मात्र लक्षात राहतं.

आणि इथेच मला भविष्याची काळजी वाटते. ते सत्तरीचे गृहस्थ गेल्या वर्षी गुडघ्यामुळे थांबले. त्यांची जागा घेणारा आयरिश तरुण मिळाला नाही, आणि आम्ही आठ जणांनी आळीपाळीने करू म्हटलं तर जूनपर्यंत तिघे उरलो. खालच्या डिव्हिजनला पंच नसतात, फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे कोट घालून उभे राहतात आणि मग पायचीतवरून जे व्हायचं ते होतं. स्थानिक मुलं गळतात त्यालाही कारण आहे. क्रिकेटचा मोसम आणि जीएएचा मोसम एकाच वेळी. हर्लिंगमध्ये गावातली सगळी मित्रमंडळी. माध्यमिक शाळा मेअखेर बंद होतात, म्हणून शालेय क्रिकेटला जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात, आणि बारावीसारखी लीव्हिंग सर्टची परीक्षा नेमकी जूनमध्ये. सोळा-सतराव्या वर्षी जो सुटतो तो बहुधा परत येत नाही.

राष्ट्रीय संघाचं यश खाली झिरपतं का? थोडं. २००७मध्ये सेंट पॅट्रिक डेलाच (इथला राष्ट्रीय सण) पाकिस्तानला हरवलं, २०११मध्ये बंगळुरूत केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला हरवलं, तेव्हा मुलांची रांग लागली होती असं जुने सभासद सांगतात. २०१७च्या जूनमध्ये कसोटीचा दर्जा मिळाला. (त्याच महिन्यात, आठवडाभर आधी, मालवणच्या वराडचं मूळ असलेले लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले. आमच्या क्लबात मला त्या पंधरवड्यात दोन्हींबद्दल अभिनंदन मिळालं, जणू मीच केलं.) पण कसोटी दर्जा महाग पडतो. कायमचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम नाही, मॅलाहाइडला दर वेळी तात्पुरते स्टँड उभारावे लागतात. पैशांअभावी २०२४ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका रद्द झाली. डब्लिनच्या ॲबटस्टाउनला सरकारने स्टेडियम मंजूर केलंय, २०३०च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचं सहयजमानपद आहे. ते झालं तर चांगलंच. तरी मला विचाराल तर त्या पैशातून पश्चिम डब्लिनमध्ये सार्वजनिक मैदानांवर दहा चांगल्या खेळपट्ट्या आधी हव्यात. मॅलाहाइडला २०२३मध्ये ऋतुराज गायकवाडचं अर्धशतक बघायला अर्धं पुणे लोटलं होतं असं वाटलं मला, पण त्यातल्या किती जणांना आठवड्याला खेळायला जागा आहे?

मुलीबद्दल मात्र मी निःशंक आहे. मुलींचे संघ अजून कमी, म्हणून जी येते तिचं स्वागत होतं आणि चुणूक असेल तर पटकन वर नेतात. गॅबी लुइस आयर्लंडकडून पहिला सामना खेळली तेव्हा १३ वर्षांची होती. राष्ट्रीय संघासाठी तीन वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, म्हणजे तुमच्या लेकीचं वय अगदी सोयीचं आहे. पंजाबमध्ये जन्मलेला सिमी सिंग इथे शिकायला आला, क्लबात खेळत राहिला आणि २०२१मध्ये आठव्या क्रमांकावर येऊन दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक करून गेला. मुलांच्या सरावाला तुम्हाला मदत करायची असेल तर आधी पोलिसांकडची पडताळणी लागते, तिला वेळ लागतो, आल्या आल्या अर्ज भरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण वहिनी विचारतील. २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. १ ऑगस्टला दूतावासाने सावध राहण्याची सूचना काढली, इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. त्या आठवड्यांत आमचे काही जण किट बॅग घेऊन रात्रीच्या बसने एकटे जायचं टाळत होते. क्लबने कुणी गाडीने सोडायचं याची यादी लावली. अजूनही उशिरा एकटं जाऊ नका, एवढंच म्हणेन.

रेल्वे: डार्टने (किनाऱ्याने धावणारी लोकल) सँडिमाउंट, सिडनी परेड, क्लॉन्टार्फ रोड, मॅलाहाइड ही स्टेशनं मिळतात. उत्तरेची लोकल रश, स्केरीज, बालब्रिगनला जाते. या रेषेवर कुठेही घर मिळालं तर काम झालं. मार्चमध्ये इनडोअर नेट्स चालू असतात. ईमेल करा, पण उत्तराची वाट बघू नका, उठून जा. 'तुम्ही कुठल्या दर्जाचं खेळलात' असं विचारतील, त्यावर कंपन्यांच्या लीगची आकडेवारी सांगत बसू नका. 'गोलंदाजी करतो, शनिवार मोकळा आहे' म्हणा. ते म्हणतील 'ग्रँड'. याचा अर्थ उत्तम, ठीक किंवा बघू, यातलं काहीही असू शकतं.

किट आणाच. बॅट तिकडून, इथे दुप्पट पैसे पडतील. बूट खिळ्यांचेच घ्या, रबरी तळव्याने पहिल्याच रन-अपला पाठीवर पडाल. आणि लेकीसाठी कीपिंग ग्लोव्ह्जच्या आतले हातमोजे चार जोड आणा. एकदा भिजले की इथे पुढच्या शनिवारपर्यंत वाळत नाहीत.