गर्दी नको, एक चेहरा दे
दुष्काळावरचा तुझा लेख छान जमलाय, पण त्यातला फोटो बदल. दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन सगळेच टाकतात. वाचकाचं बोट त्यावर थांबतच नाही. त्यापेक्षा टँकरपाशी घागर पुढे सरकवणारा एखादा हात जवळून दाखव. १९८४च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा छायाचित्रकार रघू राय यांनी काढलेला फोटो बघ: मातीत पुरलं जाणारं बाळ, उघडा फक्त चेहरा, त्यावर एक हात. माणसं हजारोंनी गेली, पण काळजात रुततं ते हे एकच पोर. फोटोखाली कुठे, कधी एवढंच लिही; ‘हृदयद्रावक’ वगैरे नको, ते वाचकाला ठरवू दे. आणि हो, रडणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तिचा फोटो टाकू नकोस. जुना किंवा भलतीकडचा तर मुळीच नाही, लोक लगेच पकडतात.